पाकट आणि चंडोल : नाते, नाव आणि चिंतेची पायरी

उजनीच्या फुगवट्यातून काढलेली चिलापी, कोकणच्या समुद्रात जाळ्याला लागलेले पाकट आणि इंदापूरच्या माळावर गाणारा चंडोल, असे तीन जीव शेजारी ठेवले आणि यांतले जवळचे नातेवाईक कोणते असे विचारले, तर बहुतेक जण चिलापी आणि पाकट यांची जोडी लावतील. दोन्ही पाण्यात राहतात, दोन्हींना कल्ले आहेत आणि दोन्हींना आपण मासाच म्हणतो. प्राणिशास्त्राचे उत्तर मात्र वेगळे आहे. चिलापीचे जवळचे नाते चंडोलाशी आहे. पाकट त्या दोघांपासूनही दूरचे आहे.

दुसरा प्रश्न विचारू. यांतला धोक्यात कोण? जागतिक लाल यादीत पांढऱ्या ठिपक्यांचे पाकट 'संकटग्रस्त' आहे आणि आपला चंडोल 'किमान चिंता' या पायरीवर आहे. म्हणजे चंडोलाची काळजी करण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष सहज निघतो. पहिल्या उत्तराइतकाच हाही निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या माळांचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. म्हणून वर्गीकरण आणि संवर्धनस्थिती या दोन्ही अंगांनी या दोन जिवांची तुलना येथे मांडतो. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हे. या भागात फिरत, पुस्तके मिळवून वाचत जे समजत गेले, ते माझ्यासारख्याच वाचकाला कळेल अशा भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

घर एक, वाटा दोन

दोघेही पृष्ठवंशी. दोघांनाही जबडा आहे. इथपर्यंत वंशावळ एकच. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी जबडा असलेल्या प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा वेगळ्या झाल्या. एका शाखेचे सांगाडे कूर्चेचे, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीला आकार देणाऱ्या लवचिक पदार्थाच्या जातीचे. दुसऱ्या शाखेचे सांगाडे हाडांचे. पहिल्या शाखेत मुशी म्हणजे शार्क, पाकट आणि त्यांचे नातेवाईक येतात. दुसऱ्या शाखेत चिलापी, कटला, रोहू हे मासे येतात. आणि त्याच शाखेच्या एका फांदीतून पुढे बेडूक, सरडे, पक्षी आणि आपण आलो.

म्हणून चिलापीच्या पोटातला हवेचा फुगा आणि चंडोलाची फुप्फुसे ही मुळात एकाच अवयवाची दोन रूपे मानली जातात. पाकटाला असा फुगा नाही. तेलकट मोठे यकृत त्याला पाण्यात थोडे हलके ठेवते, आणि एरवी ते तळाशी वाळूत बसून राहते. तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे श्वासाचे पाणी डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून आत घेते. कूर्चेचा सांगाडा म्हणजे मागासलेला प्राणी, असा एक जुना समज होता. जबडा असलेल्या अतिप्राचीन माशांच्या जीवाश्मांत हाडे आढळली, तेव्हा चित्र पालटले. हाड आधी होते आणि मुशी-पाकटांच्या पूर्वजांनी ते पुढे सोडले, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

तरीही एक धागा दोघांना बांधून आहे. पाकटाचे जे 'पंख' आपण म्हणतो, ते डोक्याला जोडले गेलेले छातीचे पर आहेत. चंडोलाचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय. माशाचा पुढचा पर आणि चतुष्पादाचा पुढचा पाय यांचे मूळ एकच, त्यामुळे दोन्ही 'पंख' एकाच पुरातन जोडीतून घडले आहेत. एक पाण्यात लाटेसारखा हलतो, दुसरा हवेत फडफडतो. उडण्याची आणि पोहण्याची कला मात्र दोघांनी आपापली स्वतंत्र कमावली.

गाणारा कोण, मासा कोण

पाकटांच्या मोठ्या गटाला शास्त्रात बॅटॉइडी म्हणतात. त्यात सहाशेहून अधिक जाती आहेत आणि त्या चार गणांत विभागल्या जातात : शेपटीला विषारी काटा असलेल्या पाकटांचा, अंडी घालणाऱ्या स्केटांचा, विजेचा झटका देणाऱ्या पाकटांचा, आणि गिटार-मासे व करवत-मासे यांचा. शेवटचा गण पाहणाऱ्याला फसवतो. करवत-मासा अंगाने मुशीसारखा दिसतो, पण तो पाकटांच्या घरातला आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे : कल्ल्यांच्या फटी अंगाच्या बाजूला असतील तर मुशी, खालच्या बाजूला असतील तर पाकट.

पक्ष्यांच्या बाजूलाही असाच गोंधळ आहे. पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार जातींपैकी निम्म्याहून अधिक एकाच गणात येतात. त्याचे नाव पॅसेरिफॉर्मिस. चिमणी ज्यातली, तो गण. त्यातला सर्वांत मोठा उपगण 'गाणाऱ्या पक्ष्यां'चा. यात कोणाला घ्यायचे, हे आवाजाच्या गोडीवर ठरत नाही. ते श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्राच्या स्नायूंवरून आणि इतर शरीररचनेवरून ठरते. आता जनुकांवरूनही पडताळले जाते. त्यामुळे मराठी कवितेने जिला गाण्याचे सिंहासन दिले ती कोकिळा या उपगणात नाही. पावशा नाही, चातकही नाही. हे तिघेही कोकिळ कुलातले. आणि ज्याच्या घरट्यात कोकिळा अंडी घालते तो कावळा मात्र शास्त्राच्या दृष्टीने पक्का गाणारा पक्षी आहे.

चंडोल याच उपगणातल्या अलाउडिडी कुलाचा. या कुलात जगभरात सुमारे शंभर जाती आहेत. मातकट रंग, जमिनीवरचे घरटे, मागच्या बोटाची लांब नखी आणि उडता उडता गाणे या त्यांच्या सर्वसाधारण खुणा. माळावर झाड नसते, म्हणून बसून गायला उंच फांदी नसते. चंडोल आकाशालाच फांदी करतो. नर वर वर चढत जातो, एका जागी फडफडत गातो आणि मग खाली उतरतो. सायक्सचा चंडोल आपल्या गाण्यात इतर पक्ष्यांच्या आवाजाच्या नकलाही मिसळतो.

नावांच्या दोन गोष्टी

या चंडोलाचे शास्त्रीय नाव गॅलरिडा देवा. ते ठेवणारा माणूस दख्खनचाच अभ्यासक होता. विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी. १८२४ मध्ये त्याची सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक झाली. गावे, पिके, लोकसंख्या, हवामान मोजता मोजता त्याने पक्षी आणि मासेही गोळा केले. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. त्यात हा चंडोल अलाउडा देवा या नावाने पहिल्यांदा शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. पुढे कुल तेच राहिले, प्रजाती बदलली. १८३९ च्या सुमारास याच सायक्सने दख्खनच्या नद्यांतले मासे वर्णिले, तेव्हा 'खुद्री' आणि 'कोळस' ही इथल्या लोकांच्या तोंडची नावे लॅटिन वळणाने शास्त्रात नेली. पण त्याच्या माशांत पाकट असण्याचे कारण नव्हते. भीमा-नीरेला पाकट ठाऊक नाही.

पाकटांची नावाची वाट अधिक वळणाची आहे. लिनीअसने १७५८ च्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांचा वर्ग आजच्याशी बराच जुळेल असा मांडला. चंडोल तेव्हाही चिमणीच्याच गणात होते. मुशी आणि पाकट यांना मात्र त्याने माशांत न ठेवता उभयचरांत, 'पोहणारे उभयचर' अशा पोटविभागात टाकले होते. पुढच्या अभ्यासकांनी त्यांना माशांत आणले आणि मग माशांतही वेगळे घर दिले. आपल्या तुलनेतले पांढऱ्या ठिपक्यांचे पाकट १८५१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे याने ट्रायगॉन जेरार्डी म्हणून वर्णिले. नंतर ते हिमँटुरा जेरार्डी झाले आणि २०१६ पासून मॅक्युलाबॅटिस जेरार्डी या नावाने ओळखले जाते. नाव बदलणे ही अभ्यासकांची लहर नव्हे. एका नावाखाली दोन-तीन सारख्या दिसणाऱ्या जाती मोजल्या गेल्या, तर त्यांतली एक संपत आली तरी आकड्यांत ते दिसत नाही. वर्गीकरण आणि संवर्धन यांची गाठ इथे पडते : ज्याला वेगळे नाव नाही, त्याची वेगळी मोजणी होत नाही.

पायरी कशी ठरते

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी म्हणजे धोक्याच्या पायऱ्यांची शिडी. किमान चिंता, संकटासन्न, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, केवळ बंदिवासात उरलेले आणि नष्ट, अशा तिच्या पायऱ्या. माहितीच अपुरी असेल तर त्या जातीसाठी वेगळा रकाना आहे. असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त या तिघांना मिळून 'धोक्यातील' म्हणतात.

पायरी ठरवण्याचे निकष पाच आहेत. त्यांतला पहिला म्हणजे संख्येतली घट. घटीचे कारण अजून चालू असेल, तर ३० टक्के घटीला असुरक्षित, ५० टक्क्यांना संकटग्रस्त आणि ८० टक्क्यांना अतिसंकटग्रस्त. ही घट किती काळातली मोजायची? नियम असा : दहा वर्षे किंवा त्या जातीच्या तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा असेल तो.

या एका वाक्यात आपल्या तुलनेचे मर्म आहे. चंडोलासारख्या लहान पक्ष्याची पिढी थोड्या वर्षांची असते. तीन पिढ्या धरल्या तरी हिशेब दहा वर्षांच्या आसपासच राहतो. पाकटाची गोष्ट निराळी. ते उशिरा वयात येते. मादी अंडी न घालता पिल्ले पोटात वाढवते, गर्भाशयातून स्रवणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पोसते आणि एका विणीत दोन-चारच पिल्लांना जन्म देते. साहजिकच पिढी लांब आणि मोजणीचा काळही लांब.

आता एक काल्पनिक गणित करू. समजा, दोन्ही जाती दर दहा वर्षांत २० टक्के या एकाच वेगाने घटत आहेत. शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चौसष्ट, चौसष्टाचे एक्कावन्न, एक्कावन्नाचे एकेचाळीस. चाळीस वर्षांत ५९ टक्के जीव गेले. पाकटाच्या तीन पिढ्या चाळीस वर्षांच्या धरल्या, तर हिशेबात ५९ टक्के घट दिसेल आणि ते संकटग्रस्त ठरेल. चंडोलाच्या दहा वर्षांच्या खिडकीतून मात्र प्रत्येक वेळी २० टक्केच दिसतील. तो असुरक्षित या पायरीलाही पोहोचणार नाही. घट सारखी, पायऱ्या वेगळ्या.

हा नियम चुकीचा आहे असे मात्र नाही. यादी धोक्याची आहे. नष्ट होण्याची शक्यता ती मोजते. भरभर विणणारा पक्षी परिस्थिती सुधारली की सावरतो. दोन-चार पिल्लांवर चालणाऱ्या पाकटाला सावरायला कित्येक दशके लागतात, म्हणून त्याच्या बाबतीत लांबचा भूतकाळ पाहणे रास्तच आहे. पण पक्ष्याच्या सावरण्यामागे एक अट आहे : परतायला माळ उरला पाहिजे. जाळे थांबवले तर समुद्र तिथेच असतो. नांगरलेला माळ तसा परत येत नाही.

समुद्रातली घट, माळावरची घट

कूर्चामय माशांच्या ११९९ जातींचा जागतिक आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३९१ जाती धोक्यातील ठरल्या. माहिती अपुरी असलेल्यांचा अंदाज धरला तर प्रमाण एक-तृतीयांशाच्या पुढे जाते, आणि या सगळ्यांत पाकटांचा गट सर्वांत वाईट अवस्थेत आहे. पक्ष्यांत हेच प्रमाण साधारण आठात एक आहे. पाकटांच्या घटीचे मुख्य कारण मासेमारी. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्याला तळाशी बसलेले पाकट आपसूक लागते, मग ते हवे असो वा नसो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. दोन महिन्यांची ही विश्रांती भरपूर अंडी घालणाऱ्या माशांना मोठी मदत करते. उशिरा वयात येणाऱ्या पाकटाला ती पुरी पडत नाही.

चंडोलाला कोणी जाळ्यात धरत नाही. त्याच्या पायाखालची जमीन बदलते. बारामती-इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला प्रदेश. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हलकी मुरमाड जमीन आणि त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चित्रात पाणी आणले. १९८० मध्ये उजनीचे धरण उभे राहिले आणि भीमेचा फुगवटा इंदापूरच्या कडेने पसरला. पाणी गेले तिथे ऊस गेला. त्या पाण्याने इथल्या माणसाचे दिवस पालटले आणि त्यात गावे बुडालेल्यांचे दुःखही आहे. दोन्ही खरे आहे. तिसरी गोष्ट एवढीच, की उसात चंडोल राहत नाही. फुगवट्यावर रोहित पक्षी आले, त्यांना पाहायला भिगवणला माणसे आली. माळावरच्या मातकट पक्ष्याकडे पाहायला कोणी आले नाही.

मग लाल यादीत याची नोंद का नाही? कारण यादी जातीचा सगळा प्रदेश पाहते. सायक्सचा चंडोल भारताबाहेर कुठेही नाही, पण भारतात तो पश्चिम आणि मध्य भागात दूरवर पसरलेला आहे. दोन तालुक्यांतले माळ संपले तरी त्या शिडीवर एक पायरीही हलणार नाही. 'किमान चिंता' याचा अर्थ 'नजीकच्या काळात ही जात पृथ्वीवरून नष्ट होण्याचा धोका कमी' एवढाच आहे. 'इंदापुरात तो टिकेल' असा त्याचा अर्थ नाही, आणि 'त्याचा माळ मोडायला हरकत नाही' असा तर मुळीच नाही.

देशपातळीवरचा आरसा अधिक जवळून दाखवतो. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितिदर्शक अहवालात हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा विचार झाला. दीर्घकालीन कल ज्यांचा काढता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के घटल्या आहेत. माळराने आणि इतर मोकळ्या प्रदेशांवर अवलंबून असलेल्या पक्ष्यांची अवस्था विशेष चिंतेची आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्याने हा धडा आधीच घेतला आहे. नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले. माळढोक काही गाणारा पक्षी नव्हे, पण राहणारा त्याच माळाचा. आज तो जगात अतिसंकटग्रस्त आहे. कोणतीही जात वरच्या पायरीवर एका दिवसात जात नाही; आधी एका तालुक्यातून जाते, मग दुसऱ्या.

कायदा कोणाला ओळखतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची या दोघांशी वागण्याची रीतही वेगळी राहिली. चंडोलांचे अख्खे कुल जुन्या चौथ्या अनुसूचीत एका ओळीत आले होते. पाकटांना कायद्यात जागा मिळायला २००१ साल उजाडले. त्या वर्षी मे महिन्यात देवमुशीला संरक्षण मिळाले. जुलैमध्ये सगळ्याच मुशी आणि पाकटांना पहिल्या अनुसूचीत घातले गेले. किनाऱ्यावरून विरोध झाला, कारण जाळे जाती पाहून मासा धरत नाही आणि कोळ्याचे पोट त्या जाळ्यावर आहे. डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आली. त्यांत करवत-मासे होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची नवी मांडणी केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

या इतिहासातून दोन गोष्टी दिसतात. सरसकट संरक्षण कोळ्याला सोसले नाही, आणि नेमके संरक्षण द्यायचे तर जाती ओळखता आल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट माळाची. कायदा चंडोलाला पकडू देत नाही. पण चंडोल ज्या जमिनीवर अंडी घालतो, ती जमीन शासकीय नकाशात अनेकदा 'पडीक' या सदरात असते. पडीक म्हटले की ती उपयोगात आणणे हे पुण्यकर्म ठरते. कधी कारखाना, कधी सौर पट्ट्या, कधी वृक्षारोपण. यांतले वृक्षारोपण सर्वांत फसवे, कारण ते पर्यावरणाच्या नावाने होते. गवताळ माळावर चर खणून झाडे लावली, की सावलीने गवत बदलते, कावळ्या-शिक्र्यांना टेहळणीला फांद्या मिळतात आणि जमिनीवरची घरटी उघडी पडतात. लांडगा, चिंकारा, धनगराची मेंढरे आणि चंडोल या सगळ्यांना हवे ते मोकळे गवत.

संरक्षण मिळाले आहे तेही पाहू. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकारांसाठी जाहीर झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. अलीकडे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. लांडगा पाहायला येणाऱ्याला चंडोल फुकट ऐकायला मिळतो. माळ पाहण्याजोगा असतो हे लोकांना कळणे, ही त्याला 'पडीक' म्हणणे थांबवण्याची सुरुवात आहे.

गावाची यादी

जागतिक यादी आपले काम करते, देशाचा अहवाल आपले. गावपातळीच्या यादीची जागा कायद्याने आधीच करून ठेवली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. ही नोंदवही उपचार म्हणून भरली तर कपाटात जाते. पण तीत चंडोलाच्या नावापुढे तो कोणत्या गटाच्या गायरानावर, कोणत्या महिन्यात गातो, घरटी कुठे असतात, दहा वर्षांपूर्वी कुठे होता आणि आता कुठे नाही, हे लिहिले गेले, तर ग्रामसभेत त्या गायरानाचा विषय निघेल तेव्हा बोलायला एक कागद हातात असेल. हे लिहायला पदवी लागत नाही. माळावर रोज जाणाऱ्या मेंढपाळाला यातले बरेचसे तोंडपाठ असते. त्याला विचारणारा आणि लिहून घेणारा हवा.

किनाऱ्यावरही काम हेच आहे. बंदरावर उतरणाऱ्या पाकटांना सरसकट 'पाकट' न लिहिता जातवार नोंद झाली, तर कोणते संपत आले ते कोळ्यांना आणि सरकारला वेळेत कळेल. मग बंदी आलीच तर ती नेमकी असेल आणि पोटावर कमी येईल.

पाकटाला आपण उशिरा ओळखले. त्याची पायरी आता वरची आहे आणि उतरायला कित्येक दशके लागतील. चंडोल अजून खालच्या पायरीवर आहे. त्याच्यासाठी करायचे काम स्वस्त आहे, जवळ आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही : पावसाळ्याच्या तोंडाला गायरानावर जायचे, वर आकाशात गाणारे किती ते मोजायचे आणि तारखेसह लिहून ठेवायचे.